बंबखान्यावरचं गाणं

६ जानेवारी

आज वाढदिवस झाला. एक्कावन्न पूर्ण.

सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छांचा रतीब चालू होता. बँक, विमा कंपनी, चष्म्याचं दुकान, आणि कधी काळी गाडीला टायर घेतले होते ते टायरवाले. निम्मे मजकूर तर ओळखीचेच वाटले. अशी वाक्यं मी स्वतः वर्षानुवर्षं पाडत आलोय.

माणसांचे फोन दोन. पहिला ताईचा. "संध्याकाळी कोण कोण येणार?" म्हणाली. "ऑफिसची मंडळी," म्हणालो. ऑफिसची मंडळी दुपारीच केक कापून मोकळी झाली होती. केकवर कंपनीचा लोगो. केकवर लोगो हवा, हा नियम माझाच.

दुसरा लेकीचा. ती तिकडे दूर नोकरीला. मी तिला नवीन प्रकल्प, नवीन साहेब, माझं कोलेस्टेरॉल, सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुझा फोन म्हणजे प्रेसनोट असते. खाली फक्त 'अधिक माहितीसाठी संपर्क' लिहायचं राहतं." दोघंही हसलो. चांगला संवाद झाला.

ही वही आजपासून. परवा मी फ्रिजशी बोलत होतो, त्यापेक्षा हे बरं.

१९ जानेवारी

उद्योजकांच्या मेळाव्याला गेलो. मोठं हॉटेल, गार हवा, उभ्याउभ्या खाणं. खिसाभर कार्डं वाटली, खिसाभर घेतली. माणूस भेटला की त्याचं नाव आणि त्याच्याबद्दलची एक गोष्ट डोक्यात ठेवायची, ही माझी जुनी पद्धत. पुढच्या वेळी "गुडघा कसा आहे?" विचारलं की समोरचा विरघळतो. रंगांच्या कंपनीत जनसंपर्क प्रमुख असणं म्हणजे दुसरं काय? कंपनीबद्दल चांगलं बोललं जाईल हे बघायचं, आणि वाईट बोललं गेलंच तर ते लवकर विसरलं जाईल हेही बघायचं.

तिथे एक दातांची डॉक्टर भेटली. तिने कार्ड घेतलं, न वाचता पर्समध्ये टाकलं आणि विचारलं, "हे झालं काम. आणि तुम्ही काय करता?"

मला उत्तर सुचेना. माझ्या धंद्यात उत्तर न सुचणं म्हणजे गवंड्याचा ओळंबा हरवण्यासारखं. शेवटी म्हणालो, "पूर्वी कविता करायचो." ती म्हणाली, "मग बुधवारी बंबखान्याच्या वर या. आम्ही गातो. फार वाईट नाही गात."

जाऊन बघावं. दातांच्या डॉक्टरांची संघटना मोठी आहे, दवाखान्यांच्या रंगकामाचं कंत्राट कुठून निघेल सांगता येत नाही.

२५ जानेवारी

गेलो.

खाली आगीचे बंब उभे, वर लांबोडकी खोली. जिन्याला डिझेलचा वास. भिंतींचे पापुद्रे सुटलेले (आमचा रंग नव्हे, हे पहिल्या नजरेत कळलं). बाकडी, एक जुना पियानो, आणि पियानोपाशी बाई. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. वय सत्तरीच्या पुढे, चष्मा कायम डोक्यावर. सगळे त्यांना बाईच म्हणतात. ज्यांना त्यांनी शाळेत शिकवलं नाही तेसुद्धा.

बाईंनी मला एक सूर दिला. मी तो माझ्या परीने परत केला. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा आवाज जत्रेत हरवलेल्या माणसासारखा आहे हो. प्रत्येक सुरापाशी जातो, विचारतो आणि पुढे जातो. सध्या तुम्ही नुसते ओठ हलवा."

मागून एक खर्जातला आवाज आला, "या, मुकेराव!" हा वायरमन. विजेची कामं करतो. आवाज असा की बाकडं थरथरतं. सगळे हसले. मीही हसलो, आणि गंमत म्हणजे खोटं हसलो नाही.

मध्येच खाली भोंगा वाजला. बंब बाहेर पडला. खोलीत कुणाचं कुणाला ऐकू येईना. बाईंनी एक बोट वर धरलं, आवाज दूर जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं, आणि ते खाली येताच सगळ्यांनी अर्ध्यावर तुटलेला शब्द तिथूनच उचलला. अंगावर काटा आला.

कार्डं वाटायचं विसरलो.

१५ फेब्रुवारी

आता बुधवारची सवय झालीय. मी ओठ हलवतो. डॉक्टरीणबाई उंच पट्टीत, वायरमन तळघरात, मी मधल्या मजल्यावर गुपचूप. तिथे मी कोण आहे हे कुणी विचारत नाही. वायरमनला वाटतं मी रंगाच्या दुकानात बसतो.

आज भोंगा वाजून गेल्यावर बाईंनी बोट खाली आणलं आणि विचारलं, "कुठे होतो आपण?" सगळ्यांनी एकसुरात सांगितलं. जुन्या शिक्षकांची ही खुबी असते, मुलांचं लक्ष आहे का ते असं तपासतात.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "डॉक्टरीण म्हणत होती, तुम्ही कविता करता."

"करायचो. आता प्रेसनोट करतो."

"माझ्याकडे एक चाल आहे, शब्द नाहीत. सोपे शब्द हवेत, अगदी रोजच्या घरातले. रविवारी चहाला या."

बायको गेली त्याला चार वर्षं झाली. (गेली म्हणजे सोडून गेली. आता मजेत आहे, असं लेक सांगते.) त्यानंतर मला "चहाला या" म्हणणारं पहिलं माणूस बहुतेक हेच.

२६ फेब्रुवारी

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्या. दोन ओळी घेऊन गेलो होतो. 

"पाण्याला म्हण पाणी, दाराला म्हण दार,
बाकीचं राहू दे, बाकी फार फार."

बाईंनी त्या चालीत गुणगुणून पाहिल्या आणि डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, आवडलं नाही.

मग म्हणाल्या, "परवा गाळणी हातात होती आणि तिचं नाव काही केल्या आठवेना. मनात म्हटलं, असू दे, वय झालं. पण संध्याकाळपर्यंत शोधत होते. सूर कुठे जात नाहीत हो. शब्दच जातात, एकेक. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मी जिना उतरेपर्यंत तेही गेलं." आणि हसल्या. खळखळून हसल्या.

"घरी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मुलगा लांब असतो. त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी येईल आणि मला उचलून घेऊन जाईल. प्रेमानेच नेईल. मला भीती त्याचीच वाटते. रागाशी भांडता येतं, प्रेमाशी कसं भांडणार?"

चहा गार झाला होता. त्या पुन्हा तापवायला उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तुम्हाला म्हटलं सोपे शब्द लिहा. माझ्या हातून सुटणार नाहीत असे."

घरी आलो आणि पुढचं कडवं लिहायला बसलो. जेवायचं राहूनच गेलं.

१५ मार्च

आज गाणं आधी सुरूच झालं नाही. जिन्यात नगरपालिकेचा कागद डकवलेला: खोली जुन्या फायलींसाठी गोदाम म्हणून हवी, महिनाअखेर रिकामी करा. वायरमन संतापला होता. डॉक्टरीणबाईंनी अर्ज करायचं सुचवलं. कुणी म्हणालं, दुसरी जागा बघू. मागच्या बाकावरच्या एकीचे डोळे भरून आले.

बाई म्हणाल्या, "गाऊ तर आधी."

मी ओठ हलवता हलवता विचार करत होतो. अर्जाने काय होतंय? अर्ज त्याच गोदामात जाऊन पडणार. नगरपालिकेच्या समितीला वृत्तपत्राची भाषा कळते. आणि वृत्तपत्राला गोष्ट लागते. 'हौशी गायकांची खोली जाणार' ही काही गोष्ट नव्हे.

जाताना बाईंना म्हणालो, "मी बातमी लावून देतो. माझं कामच आहे ते."

"द्या," त्या म्हणाल्या. त्या स्कार्फ शोधत होत्या. तो गळ्यातच होता.

१७ मार्च

साहेबांना योजना सांगितली. कारखान्याशेजारचे रहिवासी वासाबद्दल ओरडत आहेत, नेमक्या अशा वेळी कंपनीने एक खोली वाचवून रंगवून दिली तर? साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पण त्यात मानवी काय आहे?"

मी सांगितलं.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "वा," म्हणाले. "हे सोनं आहे."

मजकूर एका बैठकीत झाला. असं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. 'शब्द हरवले, सूर नाही.' लिहिताना माझेच डोळे पाणावले. जे आतून आलं ते खोटं कसं असेल?

लिहून झाल्यावर फेब्रुवारीतली नोंद काढून वाचली. 'कुणाला सांगू नका' असं त्या कुठेही म्हणालेल्या नाहीत. आणि बातमी द्यायला तर स्वतःच म्हणाल्या.

२२ मार्च

छापून आली! पहिल्या पानाच्या खालच्या भागात, फोटोसह. बाई खिडकीबाहेर बघताहेत. फोटोग्राफरने छान पकडलंय. दुपारपर्यंत सगळीकडे फिरत होती. संध्याकाळी नगरपालिकेतून फोन: समितीने निर्णय स्थगित केला. एका दिवसात!

आज बुधवार, पण गाण्याला जाता आलं नाही. वाहिन्यांना वेळ द्यायचा होता. बाईंचा फोन लागला नाही, गर्दी असणार.

ताईचा फोन आला, वाचून रडली म्हणे. लेकीला बातमीचा दुवा पाठवला. तिचं उत्तर उशिरा आलं: "बाबा, त्यांना विचारलं होतंस?"

मी लिहिलं, "सगळ्यांना खूप आवडलंय."

२९ मार्च

हे जसं झालं तसं लिहितो.

खोलीत टाळ्या वाजतील असं मला वाटत होतं. मी शिरलो तेव्हा सगळे बोलत होते आणि बोलायचे थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोली राहिली. छान झालं." हवामानाबद्दल बोलावं तसं. मी मनात म्हटलं, दडपण असेल, एवढी प्रसिद्धी कुणाला झेपते?

बाई उशिरा आल्या. सोबत एक उंच गृहस्थ, त्यांचा मुलगा. तो दाराशीच उभा राहिला. माझ्याकडे बाईंनी पाहिलं नाही. सरळ पियानोपाशी गेल्या आणि सुरू केलं. आमचंच गाणं, पाण्याला म्हण पाणी.

दुसऱ्या कडव्यात भोंगा वाजला. बोट वर गेलं. बंब निघाला, वळला, आवाज विरत गेला. बोट खाली आलं, पण कुणीच गाणं उचललं नाही. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना शब्द आठवतो की नाही ते. मीसुद्धा बघत होतो. बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी अगदी प्रेमाने, अगदी हळू, तो शब्द त्यांना सांगितला.

"मला येत होता," बाई म्हणाल्या.

मग पियानोचं झाकण लावलं. आवाजही केला नाही. "आज एवढंच."

मुलाने त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. जिन्यात त्याने पुन्हा धरला.

एकंदरीत भावनिक संध्याकाळ.

(वरचं वाक्य वाचलं. हे मी कुणासाठी लिहिलंय?)

१२ एप्रिल

बाई आल्या नाहीत. मागच्या बुधवारीही आल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई पियानोवर बसल्या. सगळं नीट चाललं होतं, अगदी नीट.

खोलीला रंग लागला. पिवळा, आमच्या नवीन मालिकेतला. दाराशेजारी कंपनीचं नाव, ठरलं होतं त्यापेक्षा थोडं मोठं. साहेबांनी फीत कापली. वासाच्या तक्रारींची बातमी त्या दिवशी आतल्या पानावर गेली.

वायरमनने नवे दिवे बसवून दिले. मी शिडी धरली होती. खाली उतरून तो म्हणाला, "सोडा आता, साहेब."

त्याने मला साहेब म्हटलं. बाकी काही नाही. आदरानेच म्हणाला.

१६ एप्रिल

रविवार. लेकीशी बोलणं झालं. मी सगळं सांगितलं, क्रमाने. बाई घरच्यांना सांगणार होत्याच कधीतरी, खोली वाचली, किती तरी लोकांना धीर आला, असे मुद्देही सांगितले.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी पहिल्यांदा नापास झाले होते ना, तेव्हा तू तुमच्या कंपनीच्या मासिकात लेख लिहिला होतास. 'अपयश पचवताना.' माझा फोटो टाकून."

"छान झाला होता तो लेख. किती पत्रं आली!"

"हो बाबा. छानच झाला होता."

मला वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो" केलं. ती म्हणाली, "आहे मी."

४ मे

पोटदुखीच्या निमित्ताने रजा घेतली. पोट थोडंफार दुखतही होतं. बाईंकडे जायचं ठरवलं होतं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि फुलं न्यावीत का या विचारात अडकलो. फुलं म्हणजे आजारी माणसाला. मिठाई म्हणजे आनंदाची बातमी. रिकाम्या हाताने म्हणजे काय? इतकी वर्षं लोकांना हेच शिकवतो, कुणाकडे काय घेऊन जावं. परत आलो.

जाईन. थोडा वेळ जाऊ द्यावा. वेळ गेला की गोष्टी निवळतात, हा अनुभव आहे.

२० मे

'शब्द हरवले, सूर नाही' या मोहिमेला जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. जड काचेचा त्रिकोण. माझं भाषण गाजलं. 'समाजाशी नातं जोडायचं तर आधी ऐकायला शिका,' हे वाक्य लोकांनी लिहून घेतलं.

जेवताना शेजारी बसलेल्या एका पाहुणीने विचारलं, "त्या गाणाऱ्या बाई आज आल्या नाहीत?"

"प्रकृती," म्हणालो.

"मग चाल तरी म्हणून दाखवा ना! तुम्हीही गाता म्हणे त्यांच्यात."

सगळे आग्रह करू लागले. मी उभा राहिलो. माझा तो हरवलेला आवाज घेऊन पहिली ओळ म्हटली आणि दुसरी अर्ध्यावर सोडली. टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, भरून आलं. हे तर आणखीच भारी झालं, असं साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले.

मला भरून आलं नव्हतं. मला लाज वाटली होती. इतकी स्पष्ट, इतकी साधी लाज लहानपणानंतर पहिल्यांदाच. घरी येऊन काचेचा त्रिकोण कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी बूट ठेवतो तिथे ठेवला.

२५ मे

गेलो. हात रिकामे.

दार मुलाने उघडलं. मला ओळखलं. "या या, तुमचे आभारच मानायचे होते. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. आईने पत्ता लागू दिला नव्हता." तो मनापासून बोलत होता. रडवेला होता. एखाद्याने आभार मानावेत आणि त्या प्रत्येक शब्दाने आपण थोडं थोडं खाली जावं, असं मला कधी झालं नव्हतं. आणि तो चूकही नव्हता. त्याची आई आहे.

खोकी भरलेली होती. महिनाभराने त्यांना तिकडे नेणार. खिडकीतल्या कुंड्या गेलेल्या.

बाई खाटेवर बसल्या होत्या. मुलगा चहा करायला आत गेला. मी समोर बसलो. पाठ करून गेलो होतो त्यातलं एक वाक्य तेवढं तोंडातून आलं: "माझ्याकडून नकळत आपल्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर..."

"हे छापील झालं," बाई म्हणाल्या.

पाठ केलेलं बाकीचं तिथेच राहिलं.

"इतक्या दिवसांनी आलात. मी विसरेन याची वाट बघत होतात का?"

मी नाही म्हणणार होतो. पण तसंच होतं. नेमकं तसंच होतं, आणि ते त्यांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

"हो," म्हणालो. आणि मग म्हणालो, "बाई, मी चुकलो."

त्यांनी खिडकीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी आधीही चुकायचे हो. शाळेतही चुकायचे. तेव्हा चुकले की मुलं हसायची. आता चुकले की माणसं हळवी होतात. आधी चूक दिसायची, आता आजार दिसतो. तुम्ही माझ्या चुका काढून घेतल्यात. खोली दिलीत आणि चुका नेल्यात."

चहा आला. त्यांच्या कपात कमी होता. सांडू नये म्हणून मुलाने कमीच ओतला होता. त्यांनी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हेही पाहिलं.

निघताना म्हणाल्या, "जाईपर्यंत गुरुवारी येत जा. इथे बोलायला कुणी नाही. सगळे विचारपूस करतात. पण एक अट. इथलं ते इथे. बाहेर कुठे न्यायचं नाही. लेख नाही, कविता नाही, डोळ्यांत पाणी आणून मित्राला सांगणं नाही. जमेल?"

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. जमेल का ते सांगा."

"जमेल."

१ जून

गुरुवार. गेलो होतो.

८ जून

गेलो होतो. खूप हसलो.

कशाला हसलो ते लिहायला पेन टेकवलं होतं. उचललं.

१५ जून

गेलो होतो. आजचा दिवस त्यांचा चांगला नव्हता.

१९ जून

ज्याने पहिली बातमी छापली त्या वार्ताहराचा फोन. पुढचा भाग करायचाय म्हणे. "वाचक विचारतात, बाईंचं पुढे काय झालं? आता कितपत आठवतं? तुमचं तर जाणं-येणं आहे ना?"

"मला काही माहीत नाही."

"तुम्हाला? तुम्हाला माहीत नाही?" तो हसला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

दुपारी साहेबांनी बोलावलं. पुढचा भाग झाला तर कंपनीला हवाच आहे. तुम्ही फोन करा, तुमचं ऐकतील. मी नाही म्हणालो. साहेबांनी कारण विचारलं. कारण सांगायला लागलो असतो तर तीच पुन्हा एक गोष्ट झाली असती, आणि साहेबांनी तिलाही सोनं म्हटलं असतं. म्हणून कारण दिलं नाही. नुसताच उभा राहिलो. साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटतंय, पुढच्या वर्षी माझ्या खुर्चीत दुसरं कुणी असेल.

२२ जून

गुरुवार, शेवटचा. गेलो होतो.

२४ जून

बाई आज गेल्या.

सकाळीच गेलो. वायरमन आला होता, डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वायरमनने सगळ्यात जड खोकं एकट्याने उतरवलं, कुणाला हात लावू दिला नाही. सगळे मोठमोठ्याने, सावकाश बोलत होते, परदेशी पाहुण्याशी बोलावं तसं. बाई सगळ्यांना "हो हो" म्हणत होत्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि मला बोट करून बोलावलं. नाव घेतलं नाही. ते त्यांना सापडत नव्हतं हे मला दिसलं. मी आठवण करून दिली नाही. वाकलो. त्या माझ्या कानाशी काहीतरी बोलल्या. चार-सहा शब्द असतील. मग काच वर गेली.

गाडी वळेपर्यंत आम्ही तिघं फुटपाथवर उभे होतो. नंतर कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि दवाखान्यात निघून गेल्या. वायरमनने अवजारांची पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"काय म्हणाल्या हो?" त्याने विचारलं. किती तरी आठवड्यांनी तो माझ्याशी आपणहून बोलला होता. सांगितलं असतं तर चहाच्या टपरीपर्यंत सोबत चाललो असतो. तिथे बसलो असतो. त्याने आणखी विचारलं असतं.

"काही नाही," म्हणालो. "निघते म्हणाल्या."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

घरी चालत आलो. दिवसभर कुणाशी बोललो नाही. ते शब्द डोक्यात आहेत. लिहून ठेवले नाहीत तर एक दिवस माझ्याकडूनही सुटतील, हे मला कळतं.

लिहीत नाही.